शहराचें भवितव्य आणि शहरावरील माया

जुन्या शहराविषयीं लिहिणाऱ्या लेखकास भूतकाळ फार सोयीचा असतो. गेलेल्या गोष्टी प्रतिवाद करीत नाहींत. पूर्वींचे रस्ते प्रशस्त होते असें म्हटलें तरी कोणी ते मोजावयास जात नाहीं. पूर्वींचे शेजारी प्रेमळ होते असें म्हटलें तरी ते शेजारी साक्षीस येत नाहींत. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलें तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें चालतें-बोलतें, वाढत असलेलें शहर होतें. त्यांच्यामागून मात्र आपल्याकडे शहरांवर जें प्रेमानें लिहिलें गेलें त्यांतील बरेंचसें आठवणींच्या वाटेनें गेलें आहे. ती वाट वाईट आहे असें नाहीं. पण ती उताराची आहे.

शहराच्या भविष्यकाळाची कथा रचणाऱ्या लेखकाची कसोटी निराळी असते. जें अजून घडलेंच नाहीं त्याचें चित्र काढतांना कोणती गोष्ट राखावयाची आणि कोणती गेली तरी चालेल, हें त्यास ठरवावेंच लागतें. आठवणींत सर्वच कांहीं ठेवतां येतें. भविष्यांत निवड करावी लागते. म्हणूनच शहराची भविष्यकथा हें लेखकाच्या शहरावरील मायेचें मोजमाप आहे, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें हें सांगण्यापूर्वीं एक कबुली देणें अवश्य आहे. नाहींतर टीकाकार निःपक्षपाती आहे असा वाचकांचा गैरसमज व्हावयाचा.

गेल्या पावसाळ्यांत एकाच आठवड्यांत आमच्या मेजावर दोन गोष्टी येऊन पडल्या. एक म्हणजे गिल्बर्ट कीथ चेस्टर्टन ह्याची १९०४ सालीं प्रसिद्ध झालेली ‘दि नेपोलियन ऑफ नॉटिंग हिल’ ही कादंबरी. विद्यार्थिदशेंत आम्हीं ती हंसत हंसत वाचली होती; आतां एका व्याख्यानासाठीं पुन्हां काढली होती. दुसरी गोष्ट म्हणजे गिरगांवांतील आमची चाळ पाडून तेथें टोलेजंग इमारत बांधण्यास भाडेकरूंनीं द्यावयाचें संमतिपत्र. ह्याच चाळींत आमचा जन्म झाला, वडिलांच्या मागें तेथील बिऱ्हाड आमच्या नांवें झालें, आणि पन्नाशी उलटली तरी आम्ही अद्याप तेथेंच राहतों. कादंबरी आम्हीं रात्रीं वाचून संपविली आणि संमतिपत्रावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सही केली. ह्या दोन कृत्यांचा मेळ कसा बसतो, किंवा बसतो कीं नाहीं, हें तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लंडन शहराच्या भवितव्याविषयीं इंग्रजी वाङ्मयांत कथांची मोठी परंपराच आहे. १८८५ मध्यें रिचर्ड जेफरीज ह्यानें ‘आफ्टर लंडन’ लिहिलें. त्यांत लंडन एका विषारी दलदलीखालीं गेलें आहे, आणि देशाच्या मध्यभागीं एक विस्तीर्ण सरोवर पसरलें आहे. जेफरीज हा विल्टशर परगण्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. शहर बुडवितांना त्याचा हात यत्किंचितहि थरथरत नाहीं. उलट, ओस पडलेल्या वाटांवर गवत कसें चढतें, रान कसें परत येतें, ह्याच्या वर्णनांत तो रंगून जातो. त्याचें प्रेम रानावर होतें. पांचच वर्षांनीं, १८९० मध्यें, विल्यम मॉरिस ह्यानें ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ लिहिलें. तेथें टेम्स नदीचें पाणी स्वच्छ झालें आहे, तींत सामन मासे आले आहेत, आणि पार्लमेंटची भव्य इमारत खत सांठविण्याच्या कामीं लागली आहे! मॉरिसचें लंडन सुंदर आहे खरें, पण तें लंडन उरलेलें नाहीं. तो बागांनीं वेढलेल्या खेड्यांचा एक रम्य पुंजका आहे. मॉरिसची माया नदीवर होती, नगरीवर नव्हती.

पुढें एच्. जी. वेल्स आला. १८९८ च्या ‘वॉर ऑफ दि वर्ल्ड्स’मध्यें त्यानें मंगळावरील प्राण्यांकडून लंडनची वाताहत करविली. ही कादंबरी सुचत असतां तो वोकिंग गांवीं राहात होता, आणि सायकलीवरून आसपास हिंडून कोणत्या जागा उद्ध्वस्त करावयाच्या हें ठरवीत असे. लगेच १८९९ मध्यें ‘व्हेन दि स्लीपर वेक्स’ ह्या कादंबरींत त्यानें २१०० सालचें लंडन रचलें. शहरावर एकसंध छत घातलेलें, रस्ते आपोआप सरकणारे, आणि खालच्या थरांत राबणारी माणसें. वेल्सचें कल्पनासामर्थ्य अलौकिक आहे. पण त्याला शहर म्हणजे एक यंत्र वाटतें, आणि यंत्र जुनें झालें म्हणजे मोडावें अगर बदलावें ह्यांत दुःख कसलें? तात्पर्य, ह्या तिघांनाहि लंडन हें कशाचें तरी निमित्त आहे. एकाला रानाचें, दुसऱ्याला न्यायाचें, तिसऱ्याला विज्ञानाचें.

चेस्टर्टनची गोष्ट निराळी आहे. तो १८७४ मध्यें केन्सिंग्टन भागांतील कॅम्पडन हिलवर जन्मला, म्हणजे नॉटिंग हिलच्या अगदीं उंबरठ्यावर. ही त्याची पहिलीच कादंबरी. तिच्या आरंभींच त्यानें वेल्सप्रभृति सर्व भविष्यवाद्यांची टर उडविली आहे. तो म्हणतो कीं, शहाणे लोक भविष्य वर्तवितात आणि सामान्य जनता तें मुकाट्यानें ऐकून घेते, नंतर अगदीं निराळेंच कांहीं करून त्यांना फसविते. म्हणून त्याच्या कथेंतील लंडन ऐंशी वर्षांनंतर, म्हणजे १९८४ सालींहि, बहुतेक पूर्वींसारखेंच आहे. तेच धुरकट रस्ते, त्याच घोडागाड्या. बदल एवढाच कीं, लोकांचा कशावरच विश्वास राहिलेला नाहीं. राजासुद्धां यादींतून पाळीपाळीनें निवडला जातो, जणूं पंचांच्या मंडळींतील एखादा सभासद.

अशा वेळीं ऑबेरन क्विन नांवाचा एक ठेंगू, विनोदी कारकून राजा होतो. आयुष्य म्हणजे एक थट्टा आहे असें त्याचें तत्त्वज्ञान. एके दिवशीं रस्त्यांत लांकडी तलवार घेतलेला एक पोर त्याच्या पोटांत ती खुपसतो, आणि राजा गंभीर चेहरा करून त्यास नॉटिंग हिलचें प्राणपणानें रक्षण करण्याचा उपदेश करितो. ह्या थट्टेंतून त्याला दुसरी मोठी थट्टा सुचते: लंडनच्या प्रत्येक उपनगरास स्वतंत्र नगरीचा दर्जा द्यावा, प्रत्येकास तट, वेस, घंटा, ध्वजचिन्ह आणि भालेकऱ्यांची पलटण असावी! उपनगरांचे प्रमुख हा पोरखेळ नाइलाजानें सहन करितात. पुढें दहा वर्षांनीं व्यापारी मंडळी एक मोठा रस्ता काढावयास निघतात. तो नॉटिंग हिलमधील पंप स्ट्रीट ह्या बोळांतून जावयाचा असतो. बोळांत दुकानें किती, तर पांच: एक वाण्याचें, एक औषधांचें, एक न्हाव्याचें, एक जुन्यापुराण्या वस्तूंचें आणि एक खेळण्यांचें. नॉटिंग हिलचा तरुण प्रमुख अ‍ॅडम वेन हा रस्त्यास साफ नकार देतो. भरपाईची रक्कम वाढवीत नेली तरी तो ऐकत नाहीं. हा अ‍ॅडम वेन म्हणजेच तो लांकडी तलवारीचा पोर. राजाची थट्टा त्यानें खरी मानली होती.

येथपर्यंत कथा विनोदी आहे. येथून ती विनोदीच राहते आणि तरीहि गंभीर होते, हें तिचें वैशिष्ट्य. वेन दुकानदारांकडे मदत मागावयास जातो तेव्हां वाणी आणि वैदू त्याच्याकडे वेड्यासारखे पाहतात. पण खेळण्यांचा दुकानदार टर्नबुल ह्यानें शिशाचे शिपाई मांडून आपल्या भागाच्या संरक्षणाचा पुरा नकाशाच तयार ठेवलेला असतो! मोठ्या उपनगरांच्या फौजा चालून येतात. वेन भाड्याच्या घोडागाड्या बोलावून त्यांचाच अडसर रचतो, रस्त्यांवरील गॅसचे दिवे मालवून शत्रूस अंधारांत गांठतो, आणि शेवटीं टेकडीवरील पाण्याचा मोठा मनोरा फोडून खालची वस्ती बुडविण्याची धमकी देऊन जय मिळवितो.

ह्या कादंबरीचा खरा गाभा लढायांत नाहीं. वेन हा कवि आहे, आणि त्याच्या कवितांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. इतर कवि शहरांतील वस्तूंना निसर्गाच्या उपमा देतात. हा निसर्गास शहराच्या उपमा देतो. ह्यांत विक्षिप्तपणा मुळींच नाहीं. ज्या पोरानें डोळे उघडले तेच मुळीं लोखंडी कठडे आणि रस्त्यावरचे दिवे पाहण्यासाठीं, त्याला तारे दिव्यांसारखे दिसले तर तें स्वाभाविकच होय. आम्ही स्वतः प्रथम आगगाडींतून खंडाळ्याचा घाट पाहिला तेव्हां धबधब्याचा आवाज ऐकून आम्हांस पहाटेस नळाला पाणी आल्याचा भास झाला होता. वडील मंडळी हंसलीं. चेस्टर्टन हंसला नसता. शहरांत जन्मलेल्या मनुष्याचें शहर हेंच त्याचें रान आणि तोच त्याचा डोंगर, हें ज्या थोड्या लेखकांनीं निःसंकोचपणें मान्य केलें त्यांत चेस्टर्टन अग्रगण्य आहे.

दुसरी गोष्ट मायेच्या आकारमानाची. एवढ्याशा बोळासाठीं एवढें रामायण कशाला, असें कादंबरींतील व्यवहारी पात्रें पुन्हां पुन्हां विचारतात. चेस्टर्टनचें उत्तर असें कीं, माया लहान जागेवरच बसते. साम्राज्यावर बसतो तो गर्व. हें उत्तर त्यानें हवेंत दिलेलें नाहीं. १८९९ ते १९०२ पर्यंतच्या बोअर युद्धांत तो आपल्या देशबांधवांच्या विरुद्ध जाऊन बोअर लोकांच्या बाजूनें उभा राहिला होता. कादंबरीच्या आरंभीं निकाराग्वा ह्या गिळंकृत झालेल्या चिमुकल्या देशाचा पदच्युत अध्यक्ष लंडनच्या रस्त्यांत भेटतो आणि आपल्या ध्वजाचा तांबडा रंग पुरा करण्यासाठीं स्वतःच्या हातावर वार करून घेतो. त्या प्रसंगाचा अर्थ हाच आहे. आम्हां हिंदी वाचकांस ह्या विचाराशीं आणखी एक नातें आहे. १८ सप्टेंबर १९०९ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें चेस्टर्टननें हिंदी राष्ट्रवादावर टीका केली. तिचा आशय असा कीं, ही चळवळ इंग्रजी संस्थाच मागत असल्यामुळें ती फारशी हिंदीहि नाहीं आणि फारशी राष्ट्रीयहि नाहीं. त्या वेळीं गांधीजी लंडनमध्यें होते. त्यांनीं तो लेख वाचला, तो त्यांना पटला, आणि ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढें त्यांनीं तो ठेवला. त्याच नोव्हेंबरांत परतीच्या जहाजावर त्यांनीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें. अनेक अभ्यासकांनीं त्या लेखाचा ह्या पुस्तकाशीं संबंध जोडला आहे. पंप स्ट्रीटचा अभिमानी लेखक आपल्या इतिहासाला असा चाटून गेला आहे.

आतां प्रश्न असा कीं, भविष्य म्हणून ह्या कथेची किंमत काय? घोडागाड्या राहिल्या नाहींत. त्या बाबतींत वेल्स जिंकला. परंतु रस्ता? तो मात्र खरोखरच आला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नॉटिंग हिल गेट येथील रस्ता रुंद करण्यांत आला आणि जुनीं दुकानें पाडलीं गेलीं. १९७० मध्यें ‘वेस्टवे’ हा खांबांवरून जाणारा मोटाररस्ता उत्तर केन्सिंग्टनच्या वस्तींतून, घरांच्या खिडक्यांलगत, नेण्यांत आला. रहिवाशांनीं निषेध केला. रस्ता थांबला नाहीं. पण त्याच्या खालची जागा तेथील लोकांच्या उपयोगासाठीं मिळावी ही मागणी मान्य झाली आणि १९७१ मध्यें त्यासाठीं एक विश्वस्त संस्था स्थापन झाली. चेस्टर्टनला हा तह आवडला असता कीं नाहीं ह्याविषयीं आम्ही साशंक आहों. पण अ‍ॅडम वेनचा वंश खुंटला नव्हता हें उघड आहे.

त्याहून विलक्षण घटना १९७७ सालची. नॉटिंग हिलच्या पश्चिमेस फ्रेस्टन रोडवर मोडक्या घरांत बिनपरवाना राहणाऱ्या कांहीं लोकांस ग्रेटर लंडन कौन्सिल हुसकून लावणार होतें. त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला त्यांनीं आपली गल्ली ब्रिटनपासून स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें! राष्ट्राचें नांव फ्रेस्टोनिया. त्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघास पत्र लिहिलें, स्वतःचीं टपालाचीं तिकिटें छापलीं, आणि सर्वांनीं ब्रॅम्ली हें एकच आडनांव धारण केलें, कीं जेणेंकरून कौन्सिलला सर्वांची सोय एकत्र करणें भाग पडावें. हुजूरपक्षाचे सर जेफ्री हाउ, जे पुढें अर्थमंत्री झाले, त्यांनीं ह्या लोकांस पत्र पाठवून कळविलें कीं, लहानपणीं चेस्टर्टनची ही कादंबरी वाचून आपण भारावून गेलों होतों, तेव्हां आपणांस त्यांच्या आकांक्षेविषयीं आपुलकी न वाटणें शक्यच नाहीं. शेवटीं वाटाघाटी होऊन त्या जागीं नवीं घरें बांधलीं गेलीं आणि रहिवाशांची सहकारी गृहसंस्था झाली. भविष्यकथेनें भविष्य वर्तविलें नाहीं. तिनें तें थोडेंसें घडविलें. आमच्या मतें ही अधिक मोलाची गोष्ट आहे.

ह्याच १९८४ सालाचें दुसरें लंडन जॉर्ज ऑर्वेल ह्यानें १९४९ मध्यें रंगविलें. तें अधिक प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या भयानकतेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण ज्या अर्थानें आम्ही येथें बोलत आहों त्या अर्थानें तीहि एक मायेचीच कथा आहे. विन्स्टन स्मिथ ह्यास जुन्या लंडनमधील देवळांच्या घंटांचें एक बालगीत अर्धेंच ठाऊक आहे, आणि तो कोणी भेटेल त्याच्याकडून त्याच्या राहिलेल्या ओळी मिळवूं पाहतो. देवळें पडलीं आहेत, कोठें कोठें निराळ्या कामीं लागलीं आहेत. नांवें तेवढीं तुटक्या माळेसारखीं हातीं येतात. चेस्टर्टनच्या १९८४ मध्यें नांवांसाठीं लढाई होते. ऑर्वेलच्या १९८४ मध्यें लढावयास नांवेंच उरलेलीं नाहींत. हीं दोन्हीं पुस्तकें एकापाठोपाठ एक वाचलीं म्हणजे पहिल्यांतील पोरकटपणा दुसऱ्याच्या प्रकाशांत पोरकट वाटत नाहीं. पंप स्ट्रीट हें नांव टिकविण्यासाठीं मनुष्य हास्यास्पद होण्यास तयार असेल, तरच पुढचा अनर्थ टळण्याचा कांहीं संभव आहे.

इतकी स्तुति केल्यावर दोषांकडे वळणें प्राप्त आहे. पहिला दोष इतका ठळक आहे कीं, विद्यार्थिदशेंत तो आमच्या लक्षांत आला नाहीं ह्याची आम्हांस लाज वाटते. ह्या साऱ्या कादंबरींत स्त्रीपात्र म्हणून नाहीं. एका शहराची कथा, एका गल्लीची कथा, आणि तींत एकहि बाई बोलत नाहीं! दुकानदार आहेत, कवि आहेत, राजा आहे. पण दुकानाच्या वरच्या मजल्यावर कोण राहतें, कोण स्वयंपाक करतें, पोरांना कोण न्हाऊं घालतें, ह्याचा पत्ता नाहीं. अ‍ॅडम वेनला ती गल्ली राखावयाची आहे ती रस्त्यावरून पाहिलेली. आंत राहून सोसलेली नव्हे.

ही उणीव आमच्या ध्यानीं आणून देण्याचें श्रेय सौभाग्यवतींस आहे. त्या रात्रीं आम्हीं कौतुकानें त्यांस ही गोष्ट सांगितली. पाण्याच्या मनोऱ्याचा प्रसंग तर साभिनय सांगितला. त्या डाळ निवडीत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “अहो, तुमच्या त्या राजाच्या गल्लींत पाणी किती वाजतां येत असे?” आम्ही निरुत्तर झालों. मग त्या एवढेंच म्हणाल्या, “तीस वर्षें मी पहाटे चारला उठून पिंपें भरतें आहें. सासूबाईंनीं त्याच्या आधीं चाळीस वर्षें भरलीं. सामायिक नळावरच्या भांडणांत गेलेलें आयुष्य तुमच्या लेखांत येत नाहीं.” ह्यावर चेस्टर्टनपाशींहि उत्तर नाहीं. त्याच्या कादंबरींत पाणी हें शत्रूस बुडविण्याचें साधन आहे. आमच्या घरीं तें डोक्यावरून वाहून आणण्याची वस्तु आहे. ह्या एका फरकांत पुष्कळ कांहीं येतें.

दुसरा दोष ह्याच्याच पोटांतला. रस्ते काढणारे सर्वच लोक बार्कर किंवा बक ह्यांच्यासारखे अरसिक धनिक असतात असें चेस्टर्टन धरून चालतो. मुंबईचा अनुभव असा सरळ नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें ‘बाँबे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रस्ते काढले. त्या कामीं किती संसार उठले हें खरें. आणि हवा व उजेड नसलेल्या खोल्यांत माणसें प्लेगनें मेलीं हेंहि खरें. चेस्टर्टन पंप स्ट्रीटवर लिहीत होता त्याच काळांत आमच्या शहरांत हे रस्ते आंखले जात होते. त्यानें ह्या दुसऱ्या सत्याकडे डोळेझांक केली आहे. कदाचित् त्याच्या कथेस तें झेंपलें नसतें. पण त्यामुळें अ‍ॅडम वेनचा विजय थोडा स्वस्त झाला आहे ह्यांत संशय नाहीं. शिवाय स्वतः चेस्टर्टन १९०९ मध्यें लंडन सोडून बीकन्सफील्ड ह्या लहानशा गांवीं राहावयास गेला आणि १९३६ मध्यें तेथेंच वारला. आम्ही हें त्याच्या उणेपणासाठीं सांगत नाहीं. सही करून आलेल्या मनुष्यास हा अधिकार नाहीं.

परंतु एका बाबतींत हा ग्रंथकार आपल्या नायकाहून अधिक शहाणा ठरला आहे. विजयानंतर वीस वर्षांनीं काय झालें तेंहि तो सांगतो. नॉटिंग हिल आतां स्वतःच एक साम्राज्य बनलें आहे. शेजारच्या उपनगरांवर तें हुकूम गाजवितें. ज्या मायेनें बोळ राखला तीच माया दुसऱ्यांच्या बोळांवर चालून जाऊं लागली आहे. तेव्हां इतर सर्व उपनगरें उठाव करितात. वेनला हें न्याय्य वाटतें, तरीहि तो आपल्या नगरीच्या बाजूनेंच लढतो आणि पडतो. शहरावरील प्रेमाचा हा शेवट किती खरा आहे हें नॉटिंग हिलनें पुढें प्रत्यक्षहि दाखविलें. १९५८ मध्यें त्याच भागांत वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांवर जमावांनीं हल्ले केले. आपली वस्ती आपली राहावी ही भावनाच तेथें काठ्या घेऊन उभी होती. पुढें त्याच रस्त्यांतून, त्याच आलेल्या लोकांनीं आणलेला, कार्निव्हलचा उत्सव सुरू झाला आणि आज नॉटिंग हिल म्हटलें कीं जगास तो उत्सव आठवतो. आपल्याकडेहि शहराच्या नांवानें जी आरोळी उठते ती घर राखण्यासाठीं आहे कीं दुसऱ्याचें घर उठविण्यासाठीं, हें ऐकणाऱ्यानें प्रत्येक वेळीं तपासून पाहावें. चेस्टर्टननें तें स्वतःच्या नायकाविरुद्ध तपासलें, हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय.

मराठींत अशी कादंबरी कां नाहीं, हा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं. जयंत नारळीकर यांच्या ‘हिमप्रलय’ ह्या कथेंत मुंबईवर बर्फ पडतें, आणि तें चित्र एकदां वाचलेला वाचक विसरत नाहीं. पण तेथें चिंता साऱ्या पृथ्वीची आहे. मुंबई हें तिचें दर्शनी दार आहे. त्या कथेचें तें प्रयोजन असल्यामुळें त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. आम्हांस हवी आहे ती कथा निराळी. पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या गल्लींतून हिंडणारी; चाळ गेली, भुयारांतून आगगाडी धांवूं लागली, चाळिसाव्या मजल्यावर चोवीस तास पाणी आलें, त्यानंतर त्या वर राहणाऱ्या माणसांनीं एकमेकांस हांक मारण्यासाठीं काय शोधून काढलें हें सांगणारी. ती लिहिणारा अ‍ॅडम वेन नसावा. एखादी पाणी भरलेली बाई असावी. तिला काय राखावयाचें आणि काय टाकावयाचें हें नक्की ठाऊक असेल. पिंप ती पहिल्या पानावरच फेंकून देईल. गॅलरी ठेवील असें आम्हांस वाटतें. पण तिच्या वतीनें बोलण्याची आमची छाती नाहीं.

कादंबरीच्या शेवटीं रणांगणावर, अंधारांत, दोन आवाज ऐकूं येतात. एक क्विनचा, एक वेनचा. क्विन कबूल करितो कीं, त्याच्या दृष्टीनें हें सर्व थट्टा होती. वेन त्यावर रागावत नाहीं. तो म्हणतो कीं, हंसणारा आणि पूजा करणारा हे एकाच मनुष्याचे दोन अर्धे भाग आहेत, आणि ते विलग झाले म्हणजेच जगाचा बिघाड होतो. मग दोघेहि बरोबर चालूं लागतात. विसाव्या वर्षीं हा शेवट आम्हांस चतुराईचा वाटला होता. आतां तो आधाराचा वाटतो. कारण गल्लीवर माया करणारा आणि संमतिपत्रावर सही करणारा हे दोघेहि आमच्याच घरांत, एकाच सदऱ्यांत राहतात, आणि त्यांचें अद्याप बोलणें बंद झालेलें नाहीं.

सही करून आम्ही परत आलों तेव्हां गॅलरींत कठड्यावर ओले कपडे वाळत होते, आणि खालच्या बिऱ्हाडांतील एक पोर प्लास्टिकची तलवार घेऊन जिन्यांत उभें होतें. त्यानें आमची वाट अडविली. क्विन राजानें केलेली चूक, किंवा केलेलें पुण्य, आम्हीं केलें नाहीं. त्यास कोणताहि उपदेश केला नाहीं. नुसतें त्याला आमचें आणि चाळीचें नांव सांगितलें, आणि त्यानें वाट सोडली.